सीमाभागातल्या तृतीयपंथी आणि पारलिंगी व्यक्तींसाठी निवडणूक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्नाटकातल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातल्या मराठी बोलणाऱ्या तृतीयपंथी, जोगती (यल्लम्मा देवीला वाहिलेल्या व्यक्ती), पारलिंगी (जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा वेगळी ओळख असलेल्या) स्त्री-पुरुषांकडून आणि त्यांच्या घरच्यांकडून निवडणुकीबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे इथे आहेत. काही प्रश्न हिमतीचे आहेत, काही कागदांचे. आमच्या मते दुसऱ्या प्रकारचे प्रश्न जास्त जणांना अडवतात, म्हणून त्यांना जास्त जागा दिली आहे.

आमच्यातलं कुणी खरंच निवडून आलंय का?

होय. मध्य प्रदेशातल्या सोहागपूर मतदारसंघातून शबनम मौसी १९९८ ते २००३ च्या विधानसभेत आमदार होत्या. छत्तीसगडमधल्या रायगढला २०१५ च्या जानेवारीत मधुबाई अपक्ष म्हणून महापौर झाल्या, तेही साडेचार हजारांवर मतांच्या फरकाने. तमिळनाडूत २०२२ साली वेल्लोर महापालिकेच्या ३७ व्या वॉर्डातून गंगा नायक द्रमुकच्या चिन्हावर निवडून आल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दिल्ली महापालिकेत सुलतानपुरीतून बॉबी किन्नर आम आदमी पक्षाच्या नगरसेविका झाल्या.

आपल्याला जवळची उदाहरणे सोलापूर आणि जळगाव जिल्ह्यांतली आहेत. माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने २०१७ साली ज्ञानेश्वर कांबळे यांना थेट मतदानाने सरपंच केले. गावात त्यांना माउली म्हणतात. जळगावच्या भादली बुद्रुक गावात अंजली पाटील २०२१ च्या जानेवारीत ग्रामपंचायत सदस्य झाल्या. त्यासाठी आधी त्यांना उच्च न्यायालयात जावे लागले. तो खटला आपल्या कामाचा आहे, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

दुसऱ्या राज्यात कुणी जिंकलं, तर त्यानं मला इथं काय फरक पडतो?

नुसत्या बातमीने फारसा पडत नाही. जवळच्या उदाहरणाने पडतो, आणि तो मोजलाही गेला आहे. पश्चिम बंगालमधल्या ज्या गावांत सलग दोन वेळा प्रधानपद महिलांसाठी राखीव होते, तिथे किशोरवयीन मुलामुलींच्या आकांक्षांमधली दरी सुमारे ३२ टक्क्यांनी कमी झाली. आईबापांच्या मुलाकडून आणि मुलीकडून असलेल्या अपेक्षांतली दरीही कमी झाली. मुंबई महापालिकेतले १९९७ चे महिला राखीव वॉर्ड २००२ ला खुले झाले. आरक्षण उठल्यावरही त्या वॉर्डांत बाई जिंकण्याची शक्यता इतर वॉर्डांच्या जवळजवळ पाचपट होती.

हे दोन्ही अभ्यास स्त्रियांवरचे आहेत. तृतीयपंथींना ते जसेच्या तसे लागू होत नाहीत, कारण आपल्यासाठी राखीव जागा नाहीत. राखीव जागेमुळे एकाच वेळी शेकडो गावांत बाई खुर्चीवर बसलेली दिसली. आपल्याकडचे प्रत्येक उदाहरण एकटे आहे. एकट्या उदाहरणाकडे लोक अपवाद म्हणून पाहतात आणि विसरतात.

तरीही जवळच्या उदाहरणाने तीन गोष्टी होतात. आपल्यासारख्या माणसाला हे जमते, असे मनात बसते. दुसरे म्हणजे वाट माहीत असलेले कुणीतरी मिळते. अर्जाचा कुठला रकाना अडतो, वकील कोण घ्यावा, पहिल्या सभेत काय बोलू नये, हे आधी गेलेलाच सांगू शकतो. तिसरी गोष्ट मतदारांच्या मनात घडते. ज्या गावाने एकदा तृतीयपंथी सदस्याला गटाराच्या कामासाठी ग्रामसेवकाशी भांडताना पाहिले, त्या गावाला पुढच्या वेळी उमेदवाराचा लिंगभाव नवा वाटत नाही. आम्हाला ही तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. म्हणून आमदारकीच्या एका उदाहरणापेक्षा दहा ग्रामपंचायत सदस्य झालेले आम्हाला हवे आहेत.

पण आपल्या भागात जोगतींना मान आहेच की. मग आदर्श नाहीत असं कसं म्हणता?

मान आहे, पण तो ठरावीक जागेपुरता आहे. सौंदत्तीच्या डोंगरावर, कोकटनूरच्या यात्रेत, घरच्या जोगव्याला लोक जोगतीपुढे वाकतात, परडीत दान घालतात. तीच व्यक्ती ग्रामसभेत पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला उठली, की पाठीमागून आवाज येतो, "ह्येला काय कळतंय गा राजकारणातलं?" पाया पडणारा माणूस मत देईलच असे नाही, आणि हे आधीच ओळखलेले बरे. देवीच्या नावाने मत मागूही नका. धर्माच्या नावावर मत मागणे हा निवडणूक कायद्याने भ्रष्ट आचार ठरतो आणि त्यावरून निवड रद्द होऊ शकते.

सार्वजनिक पदाचे जवळचे उदाहरण म्हणून मंजम्मा जोगती यांच्याकडे जरूर पाहा. जोगती नृत्याच्या कलाकार असलेल्या मंजम्मा २०१९ साली कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या. त्यांना पद्मश्रीही मिळाली. ते पद निवडणुकीचे नव्हते. तरी सरकारी संस्थेच्या अध्यक्षपदाच्या खुर्चीवर जोगती बसलेली या राज्याने पाहिली, ही गोष्ट छोटी नाही.

पक्षातली पदेही याच रांगेतली. दिशा पिंकी शेख वंचित बहुजन आघाडीच्या राज्य प्रवक्त्या झाल्या, अप्सरा रेड्डी २०१९ ला महिला काँग्रेसच्या राष्ट्रीय सरचिटणीस झाल्या. पक्षाची बाजू मांडणारा चेहरा तृतीयपंथी असू शकतो, हे लोकांच्या अंगवळणी पडायला अशी पदे उपयोगी पडतात.

वाईट अनुभवांमुळे लोक मागे सरतात, ते चूक आहे का?

नाही. मध्य प्रदेशातल्या कटनीच्या महापौर झालेल्या कमला जान यांची निवड न्यायालयाने रद्द केली. जागा महिलांसाठी राखीव होती आणि कायद्याच्या नजरेत त्या पुरुष ठरवल्या गेल्या. लोकांनी दिलेले पद कागदाने काढून घेतले. असे उदाहरण पाहणाऱ्याला भीती शिकवते, आणि ती भीती साधार आहे.

पण तो निकाल २०१४ च्या आधीचा आहे. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा खटल्यात तृतीय लिंगाला मान्यता दिली आणि आपला लिंगभाव ठरवण्याचा हक्क व्यक्तीचा मानला. आज कुणी कटनीचे उदाहरण देऊन तुम्हाला मागे ओढत असेल, तर मधल्या काळात कायदा कुठे आला आहे ते त्यांना सांगा.

मी कुठल्या जागेवरून उभी राहू शकते? महिला राखीव जागा चालते का?

सर्वसाधारण जागेवर कोणीही उभे राहू शकते: स्त्री, पुरुष, तृतीयपंथी. तिथे लिंगाचा प्रश्नच येत नाही. कर्नाटकाने २०२१ साली तृतीयपंथींना दिलेले १ टक्का आरक्षण सरकारी नोकरभरतीतले आहे. निवडणुकीशी त्याचा संबंध नाही, पण हा गोंधळ गावोगाव आहे.

महिला राखीव जागेचे उत्तर इतके सरळ नाही. भादली बुद्रुकला अंजली पाटील यांनी महिला प्रवर्गातून अर्ज भरला आणि निवडणूक अधिकाऱ्याने तो फेटाळला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो निर्णय बदलला आणि त्यांना महिला म्हणून लढू दिले. आपण स्त्री हीच ओळख निवडली आहे आणि पुढे ती बदलणार नाही, ही त्यांची भूमिका त्या निकालात महत्त्वाची ठरली.

आपण कर्नाटकात आहोत. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल इथल्या अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही, पण तो दाखवून युक्तिवाद करता येतो. तेव्हा महिला राखीव जागेवर लढायचे असेल तर तयारी अशी ठेवा:

मतदार यादी, आधार, वोटर आयडी यांत लिंग ‘स्त्री’ असेच असू द्या. एका कागदावर ‘तृतीय लिंग’ आणि दुसऱ्यावर ‘स्त्री’ असेल तर छाननीच्या दिवशी विरोधकांना आयता मुद्दा मिळतो. नालसा निकालाची आणि अंजली पाटील खटल्याच्या निकालाची प्रत अर्जासोबत हातात ठेवा. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात काम करणाऱ्या वकिलाशी अर्ज भरण्याआधी बोलून ठेवा. अर्ज फेटाळला गेला तर लेखी कारण मागून घ्या. एकदा निवडणूक प्रक्रिया सुरू झाली की न्यायालये मध्ये पडायला सहसा नाखूष असतात, म्हणून प्रत्येक तास मोलाचा असतो.

ज्यांची कागदपत्रे ‘तृतीय लिंग’ अशी आहेत त्यांनी पहिल्या खेपेला सर्वसाधारण जागा घ्यावी, असे आमचे मत आहे. हक्काची लढाई लढायलाच हवी, पण पहिल्याच निवडणुकीत प्रचाराचे दिवस कोर्टात घालवायचे की दारोदारी, हे आधी ठरवा.

मी पारलिंगी पुरुष आहे. सगळी उदाहरणं हिजडा आणि पारलिंगी स्त्रियांचीच दिसतात. माझ्यासाठी काय?

तुमचे निरीक्षण बरोबर आहे. हिजडा समाजाकडे घराणे आहे, गुरू-चेल्यांची साखळी आहे, बाजारात ओळखीचा चेहरा आहे. निवडणुकीला लागणारे जाळे त्यांच्याकडे आधीपासून असते. पारलिंगी पुरुष बहुतेकदा एकटा, घरच्यांपासून तुटलेला किंवा पुरुष म्हणून गुपचूप जगणारा असतो. उमेदवारी म्हणजे जुने नाव, शाळेचा दाखला, लग्नाचा विषय असे सगळे चव्हाट्यावर येणे. सुरक्षितपणे लपून जगणाऱ्याला कुणी त्याची सक्ती करू नये.

लढायचेच असेल तर तुमच्यासाठी वाट सर्वसाधारण जागेची. कागदांवर अजून ‘स्त्री’ असेल तर महिला राखीव जागेचा मोह टाळा. जिंकल्यावर तुमची ओळख आणि तुमचे पद एकमेकांविरुद्ध उभे राहतील. जुने नाव शपथपत्रात लिहावे लागेल का, हा प्रश्न तुम्हीच सर्वाधिक विचारता. जुन्या नावाने मालमत्ता, कर्ज किंवा खटला असेल तर तो तपशील लपवता येत नाही. म्हणून ते नाव बाहेर येणार असे धरूनच घरच्यांशी आणि जवळच्यांशी आधी बोलून ठेवा.

मतदार यादीत नाव नाही. कुठून सुरू करू?

इथूनच. यादीत नाव नसेल तर पुढचे सगळे व्यर्थ. २०११ च्या जनगणनेत कर्नाटकात २०,२६६ जणांनी लिंगाच्या रकान्यात ‘इतर’ लिहिले होते. देशभरात हा आकडा ४.८८ लाखांच्या घरात होता, आणि २०२४ च्या लोकसभेला तृतीय लिंग म्हणून नोंदलेले मतदार होते सुमारे ४८ हजार. काहींनी स्त्री किंवा पुरुष म्हणून नोंद केली असेल हे खरे, पण पुष्कळांचे नाव यादीतच नाही.

निवडणूक आयोगाने २००९ पासून यादीत तिसरा पर्याय दिला आहे. नव्या नावासाठी फॉर्म ६, नाव-लिंग-पत्ता दुरुस्तीसाठी फॉर्म ८. दोन्ही बीएलओकडे (आपल्या मतदान केंद्राची यादी सांभाळणारा कर्मचारी), तहसीलदार ऑफिसात किंवा आयोगाच्या पोर्टलवर भरता येतात. वय धरण्याच्या तारखा वर्षात चार असतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर.

फॉर्म ६ मध्ये नातेवाइकाचे नाव विचारतात. तिथे तृतीय लिंगाच्या व्यक्तीला गुरूचे नाव देता येते. ही सोय छापील फॉर्ममध्येच आहे, तरी अनेक बीएलओंना ती माहीत नसते. "बापाचं नाव सांग" म्हणून अडवले तर फॉर्ममधली ओळ शांतपणे दाखवा.

पत्त्याचा पुरावा ही दुसरी अडचण. गुरूच्या घरात पाचसहा जण राहतात आणि वीजबिल मात्र घरमालकाच्या नावावर. आधार किंवा बँकेचे पासबुक त्या पत्त्यावर करून घेणे सोपे पडते. काहीच नसेल तर बीएलओने प्रत्यक्ष येऊन चौकशी करण्याची तरतूद आहे. त्या दिवशी घरी असा, आणि शेजारच्या एकदोघांना सांगून ठेवा.

हे सगळे निवडणूक जाहीर व्हायच्या कितीतरी आधी उरका. ग्रामपंचायतीसाठीही विधानसभेच्या यादीतूनच यादी घेतात, त्यामुळे एकदा नाव लागले की दोन्हीकडे चालते.

माझं नाव महाराष्ट्रात, चंदगडच्या मतदार यादीत आहे, राहते बेळगावात. उभी राहू शकते का?

लोकसभेला, होय. देशातल्या कुठल्याही लोकसभा मतदारसंघाचे मतदार असलेले कुणीही बेळगाव किंवा चिकोडीतून लढू शकते. यादीचा प्रमाणित उतारा तेवढा सोबत द्यावा लागतो. विधानसभेला, नाही. कर्नाटक विधानसभेसाठी कर्नाटकातल्या कुठल्यातरी मतदारसंघात नाव हवे. ग्रामपंचायतीला तर त्याच पंचायतीच्या यादीत हवे.

दोन्हीकडे नाव ठेवणे हा गुन्हा आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंना नातीगोती असलेल्या घरांत हे सर्रास घडते. उमेदवार झाल्यावर विरोधक पहिल्यांदा हेच शोधतात. जिथे राहता तिथे नाव ठेवा, दुसरीकडचे काढा.

जातीचा दाखला महाराष्ट्रातला आहे. कुडची किंवा रायबागच्या राखीव जागेवर चालेल?

चालणार नाही. अनुसूचित जातींची यादी प्रत्येक राज्याची वेगळी असते, आणि विधानसभेच्या राखीव जागेसाठी त्या राज्याच्या यादीतली जात लागते. बेळगाव जिल्ह्याच्या १८ मतदारसंघांत कुडची आणि रायबाग अनुसूचित जातींसाठी, यमकनमर्डी अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. दाखला नाडकचेरीतून (कर्नाटकातले स्थानिक महसूल कार्यालय) काढावा लागतो. घर सोडून आलेल्यांना वडिलांचे कागद मिळत नाहीत, आणि त्यातच महिने जातात. शाळा सोडल्याचा दाखला असेल तर तो जपा. त्यावर जातीची नोंद असते.

तृतीयपंथी ओळखीचं प्रमाणपत्र असल्याशिवाय अर्ज भरता येत नाही, असं म्हणतात. खरं?

खरे नाही. उमेदवारीसाठी वय, मतदार यादीतले नाव आणि अपात्रता नसणे एवढे लागते. प्रमाणपत्र हे २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याखाली जिल्हाधिकारी, म्हणजे आपल्याकडे डीसी, देतात. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवरून होतो. ते जवळ असले तर नाव आणि लिंग बदलल्याचा पुरावा म्हणून छाननीत आधार मिळतो, म्हणून शक्य असेल त्यांनी काढावे. काढायला जाताना त्या दिवशी लागू असलेल्या अटी डीसी ऑफिसात विचारून घ्या. गावात ऐकीव माहितीवर एजंट पैसे उकळतात, त्यांच्यापासून लांब राहा.

यादीत एक नाव, लोक ओळखतात दुसऱ्या नावानं. मतपत्रिकेवर काय येईल?

अर्ज यादीतल्या नावाने भरा. पण विधानसभा-लोकसभेला लोक तुम्हाला ज्या नावाने ओळखतात ते नाव मतपत्रिकेवर यावे, असे लेखी मागता येते. ही मागणी अंतिम उमेदवारांची यादी तयार होण्याआधी निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायची. बऱ्याच जणांना हे माघारीच्या दिवसानंतर कळते, तोवर यंत्रावर अनोळखी नाव छापून झालेले असते. अर्ज देतानाच हे पत्र जोडा, आणि नावाची अक्षरे कन्नडमध्ये कशी हवीत तेही लिहून द्या. आपली मराठी नावे कन्नडमध्ये उतरताना बिघडतात.

ग्रामपंचायत, महापालिका, विधानसभा: पहिल्यांदा कुठं?

ग्रामपंचायत, जवळजवळ नेहमीच. कर्नाटकात साधारण ४०० लोकसंख्येमागे एक सदस्य असतो. म्हणजे तुमच्या गल्लीतले आणि शेजारच्या दोन गल्ल्यांतले लोक तुमचे मतदार. त्यातले बहुतेक तुम्हाला नावाने ओळखतात. निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही, त्यामुळे तिकिटासाठी कुणाच्या दारात बसावे लागत नाही. वय २१ पुरते. अनामत शेकड्यांत असते.

एका वॉर्डात बहुधा एकापेक्षा जास्त जागा असतात आणि प्रत्येकीचे आरक्षण वेगळे असते. अर्ज कुठल्या जागेसाठी आहे ते चुकवू नका, त्यावर अर्ज बाद होतो. आरक्षणाची यादी जाहीर झाली की त्याच दिवशी पंचायतीत जाऊन आपल्या वॉर्डाचे पान पाहा.

तरंगफळचे सरपंच थेट लोकांतून निवडले गेले, ते इथे शक्य नाही. कर्नाटकात अध्यक्ष सदस्यांतून होतो आणि अध्यक्षपदालाही आरक्षण असते. आधी सदस्य होऊन इतर सदस्यांचा विश्वास कमवावा लागतो.

बेळगाव महापालिकेत ५८ वॉर्ड आहेत. २०२१ च्या निवडणुकीपासून इथे पक्षचिन्हांचा जोर वाढला. अपक्षाला वॉर्डातले प्रत्येक मंडळ, प्रत्येक महिला संघ माहीत असेल तरच निभाव लागतो. विधानसभेला वय २५, अनामत १०,००० रुपये (अनुसूचित जाती-जमातींना निम्मी), अपक्षाला त्याच मतदारसंघातले १० सूचक, म्हणजे अर्जावर सही करून नाव सुचवणारे मतदार. एक षष्ठांशाहून कमी मते पडली तर अनामत जप्त होते.

न्यूझीलंडच्या पारलिंगी खासदार जॉर्जिना बेयर यांचे नाव जगभर घेतले जाते, पण त्या गेल्या पायरी-पायरीने. कार्टर्टन या छोट्या गावाच्या परिषदेत १९९३ ला, १९९५ ला तिथल्या महापौर, १९९९ ला खासदार. ओळखीच्या गावातून सुरुवात केली म्हणूनच ते जमले, असे आम्हाला वाटते.

शपथपत्रात कुठं चुकतं?

विधानसभा-लोकसभेला फॉर्म २६ हे शपथपत्र असते, नोटरी किंवा तत्सम अधिकाऱ्यापुढे केलेले. सर्वांत जास्त चूक होते ती रकाना रिकामा सोडण्याची. काही नसेल तर ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहायचे. बापाच्या नावाच्या जागी आईचे नाव देता येते.

खटले असतील तर ते सगळे लिहा. रस्त्यावर मागताना झालेल्या केसेस, दंड भरून मिटल्या असे वाटणाऱ्या केसेस, सगळ्याच. पोलीस ठाण्यातून आणि कोर्टातून आपल्या नावाची, जुन्या नावाचीही, चौकशी करून घ्या. खटला चालू असणे ही अपात्रता नाही. दोन वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली तर मात्र सुटकेनंतर सहा वर्षे लढता येत नाही. खटला लपवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

सूचकांच्या यादी क्रमांकात एक आकडा चुकला तरी गडबड होते. सही न येणाऱ्या सूचकाला अधिकाऱ्यासमोरच अंगठा लावायला न्या, घरी लावून आणलेला अंगठा चालत नाही. अर्ज दुपारी ३ च्या आत. आणि अर्ज दिल्यावर, छाननीच्या आधी, शपथ घ्यायची विसरू नका.

पैसे कुठून आणायचे?

ग्रामपंचायतीला खर्च मुख्यतः पत्रके आणि चहापाण्याचा. विधानसभेला खर्चाची मर्यादा ४० लाख आहे, पण ती मर्यादा आहे, तेवढा खर्च करावा लागतो असे नाही. विधानसभा-लोकसभेला वेगळे बँक खाते अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडावे लागते. इथे अडचण येते, कारण नाव-लिंगाचा मेळ नसला की बँक खाते लवकर उघडून देत नाही. दोन महिने आधी जा.

समाजातून गोळा केलेल्या पैशाची पावती ठेवा. गुरूंनी दिलेली रक्कमही हिशेबात दाखवा. पत्रकावर छापणाऱ्याचे आणि प्रकाशकाचे नाव, प्रतींची संख्या हवीच.

लोक विचारतात, "तू मराठीकडची का कन्नडकडची?" काय सांगू?

सीमाभागात हा प्रश्न उमेदवाराला लिंगाच्या आधी विचारला जातो. उत्तर टाळलेत तर दोन्हीकडचे दुरावतात. तुम्ही मराठी आहात तर मराठी म्हणून सांगा, सीमाप्रश्नावर जे मत आहे ते ठामपणे मांडा. आणि पत्रक मराठी-कन्नड दोन्ही लिपींत काढा, कारण वॉर्डातला कन्नड शेजारीही मतदार आहे. महाराष्ट्र एकीकरण समिती असो, काँग्रेस असो, भाजप असो, ज्यांच्याशी मत जुळते त्यांच्याकडे तिकीट मागा. मागताना समाजाचा मेळावा भरवण्यापेक्षा वॉर्डाची यादी घेऊन जा: कुठल्या गल्लीत किती घरे, कुठे आपली ओळख, कुठे नाही. पक्ष याच भाषेत ऐकतात.

प्रचारात आपल्या ओळखीबद्दल विचारले तर दोन वाक्यांत सांगा आणि पाणी, रस्ता, रेशन, पेन्शन यांवर या. लोकांना कुतूहल असते, पण मत ते कामाला देतात.

टिंगल झाली, अंगावर आले तर?

एकटीने प्रचार करू नका. किमान चौघे असा, त्यात वॉर्डातली वयस्कर बाई असावी. तारीख, वेळ, जागा लिहून ठेवा, व्हिडिओ जपा. ११२ वर फोन करा आणि तक्रार ठाण्यात लेखी देऊन पोच घ्या. तृतीयपंथी व्यक्तीला शारीरिक, शाब्दिक किंवा मानसिक त्रास देणे २०१९ च्या कायद्याच्या कलम १८ खाली गुन्हा आहे, सहा महिने ते दोन वर्षे कैद आणि दंड. तक्रारीत हे कलम नमूद करायला सांगा. विधानसभा-लोकसभेला आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवरही आचारसंहिता भंगाची तक्रार करता येते.

हरले तर?

विधानसभा-लोकसभेला निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्या. हरलेल्यांनाही तो लागू आहे, आणि न दिल्यास तीन वर्षे अपात्र ठरवले जाऊ शकते. मग बूथनिहाय मते काढा. जिथे अपेक्षेपेक्षा जास्त पडली त्या गल्लीत पुढचे काम सुरू करा.

मला उभं राहायचं नाही, पण आमच्यातलं कुणी लढलं तर मदत करायचीय.

त्याच मतदारसंघाचे मतदार असाल तर सूचक व्हा. मतदान केंद्रावर प्रतिनिधी म्हणून बसा, मतमोजणीला जा. आपल्या वस्तीतल्या सगळ्यांना मतदानाला न्या: २०२४ च्या लोकसभेला नोंदणीकृत तृतीय लिंग मतदारांपैकी फक्त सुमारे २७ टक्क्यांनी मत दिले. बहुतेकजण रांगेला घाबरतात, पुरुषांच्या की बायकांच्या रांगेत उभे राहायचे म्हणून. आदल्या दिवशी केंद्रावर जाऊन अधिकाऱ्याला विचारून ठेवा, आणि सकाळी सातला, गर्दी व्हायच्या आत, पाचसहा जणींनी मिळून जा.